कवींची जनावरे व पावसाची वाहने

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे पारावर, चावडीपुढे व आठवड्याच्या बाजारात एक प्रश्न हटकून ऐकू येतो : यंदा मृगाचे वाहन कोणते? कोणी पंचांग पाहून ‘हत्ती’ असे सांगितले की ऐकणारांच्या मुद्रा खुलतात; ‘कोल्हा’ किंवा ‘मेंढा’ असे उत्तर आले की बियाण्याचा व उसनवारीचा हिशेब नव्याने मनात घोळू लागतो. ही केवळ करमणुकीची गोष्ट असती तर तिच्यासाठी आम्ही ही पाने अडविली नसती. परंतु वाहनाच्या भरवशावर कित्येक जण पेरणीची घाई करितात, तर कित्येक जण हाती आलेला वाफसा दवडितात. आणि पहिली पेरणी वाया गेली म्हणजे दुसऱ्या पेरणीचे बियाणे बहुधा कर्जानेच आणावे लागते. तेव्हा पावसाच्या मागे ही जनावरे लागली कोठून, त्यांतील कोणती ओळखीची व उपयोगाची, आणि कोणत्यांवर विसंबणे धोक्याचे, ह्याचा विचार करणे अवश्य आहे.

पावसास जनावराचे रूप देण्याची चाल पंचांगकर्त्यांनी काढिलेली नाही. ती त्यांच्याहून फार जुनी असून मूळची कवींची आहे. मात्र कवीचे जनावर व पंचांगातील जनावर ही दोन नावाने सारखी असली तरी जातीने वेगळी आहेत. पहिले पाहण्यातून जन्मले, दुसरे मोजण्यातून. हा भेद ध्यानात आला म्हणजे जुन्या काव्यातील उपमांचा खरा अर्थ लागतो, आणि पंचांगाच्या वाहनास किती मान द्यावा हेही आपोआप ठरते.

बैल, सिंह व घोडे

आरंभ ऋग्वेदापासून करू. पाचव्या मंडलातील ८३ वे सूक्त पर्जन्यास उद्देशून आहे. त्यात पर्जन्य हा डुरकणारा वृषभ असून तो वनस्पतींच्या ठायी बीज घालितो, अशी कल्पना केली आहे. गुरांवर ज्यांचा चरितार्थ चालत असे त्या लोकांस ही उपमा सहज सुचली असावी. गडगडाटाचा खर्ज व पोळाचे डुरकणे यांत साम्य आहे. पण तेवढ्यावरच उपमा थांबत नाही. कळपात पोळ आला म्हणजे पुढील वर्षी गोठ्यात वासरे दिसतात, तद्वत् पाऊस येऊन गेला म्हणजे रानात अंकुर दिसतात. आवाज व फळ ही दोन्ही एकाच जनावरात सापडली, म्हणून कवीने ते निवडिले.

त्याच सूक्तात दुरून उठणारी सिंहाची गर्जना आहे, आणि चाबकाने घोडे पिटाळणाऱ्या सारथ्याप्रमाणे आपले पावसाळी दूत पुढे धाडणारा पर्जन्यही आहे. ह्या तिन्ही उपमा शेजारी शेजारी ठेविल्या तर गडगडाटी पावसाचा सर्व क्रम डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रथम दूरवर गुरगुर ऐकू येते, तो सिंह. नंतर एकाएकी थंड वाऱ्याचा लोट येऊन धूळ व पाचोळा उडवितो, ते घोडे. शेवटी धारा कोसळतात, तो वृषभ. हा क्रम आजच्या हवामानशास्त्रासही मान्य आहे. ढगातून पाऊस पडू लागला म्हणजे त्यासमवेत थंड व जड झालेली हवा खाली उतरते व जमिनीवर चोहोकडे पसरते. तिचाच लोट सरींच्या आधी काही मिनिटे आपणापर्यंत पोहोचतो. कवीने त्यास ‘दूत’ म्हटले, ते अगदी यथार्थ होय.

सिंहाच्या उपमेतून एक व्यवहाराची गोष्टही निघते. मेघगर्जना सामान्यतः १५ ते २० किलोमीटरांपलीकडे ऐकू जात नाही. म्हणजे डोक्यावर आकाश स्वच्छ असले तरी गुरगुर कानी आली, की वीज पडण्याच्या टापूत आपण आहोत असे समजावे. अशा वेळी गुराख्याने झाडाखाली उभे राहू नये, औत सोडून पक्क्या घराचा आश्रय करावा. सिंह दिसत नाही म्हणून तो दूर आहे असे रानात कोणी मानीत नाही. विजेच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.

बेडूक

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त तर सबंध बेडकांवरच आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणे मौन धरून पडलेले बेडूक पावसाचा स्पर्श होताच वाचा फोडतात, आणि गुरूमागे शिष्याने पाठ म्हणावा तसा एकामागून एक आवाज उठतो, असे त्यात वर्णिले आहे. पहिल्या पावसानंतर ज्याने रात्री डबक्याकाठी कान दिला असेल त्यास ह्या उपमेची खूण पटेल. एक बेडूक सुरुवात करितो, दुसरा त्यास जाब देतो, आणि क्षणात सारे डबके घुमू लागते.

शास्त्र सांगते की हा आवाज नर बेडकांचा असतो व तो मादीस बोलाविण्यासाठी असतो. अंडी घालण्यास पाणी लागते. पाणी साचले म्हणजे आवाज सुरू होतो. अर्थात पाऊस हे कारण व बेडकाचा आवाज हे कार्य. सूक्तातील क्रम हाच आहे : पर्जन्याने चेतविल्यावर बेडूक बोलतात. पुढे लोकव्यवहारात मात्र ह्या क्रमाची उलटापालट झाली. पाऊस लांबला म्हणजे काही ठिकाणी बेडूक मुसळास बांधून धोंडी काढितात, किंवा बेडकांचे लग्न लावितात. जणू बेडूक खूष झाला म्हणजे पाऊस येणारच. कवीने जे पाहिले ते खरे होते. मागाहून आलेल्यांनी त्याचा आधार घेऊन भलतीच अपेक्षा बाळगिली. उपमेचा विपर्यास कसा होतो ह्याचे हे पहिले उदाहरण.

हत्ती व म्हैस

संस्कृत काव्यात पावसाचे मुख्य जनावर हत्ती. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडातील वर्षावर्णनात गर्जणारे मेघ हे रणातील मत्त गजांसारखे म्हटले आहेत. कालिदासाच्या ऋतुसंहारात पावसाळा राजाच्या थाटाने येतो. मेघ हे त्याचे मत्त हत्ती, वीज ही पताका व गडगडाट हा नगारा. परंतु सर्वांत मार्मिक हत्ती मेघदूतातला. रामगिरीवर राहणारा विरही यक्ष आषाढाच्या आरंभी डोंगराच्या माथ्यास बिलगलेला ढग पाहतो, आणि तो त्यास टेकाडावर धडक देण्याच्या खेळात वाकलेल्या हत्तीसारखा दिसतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी प्रभृति विद्वानांचे मत आहे. म्हणून ही उपमा आपल्या विदर्भाच्या आकाशातली आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या हत्तीत किती गोष्टी सामावल्या आहेत ते पाहावे. एक, रंग. ढग जाड असला म्हणजे सूर्यप्रकाश त्यातून खाली उतरत नाही व त्याचा तळ काळसर करडा दिसतो. दोन, ठेवण. असा ढग उंच तरंगत नाही. त्याचे पोट टेकडीस लागते. तीन, चाल. भिजल्या वाऱ्याबरोबर तो जड पावलांनी सरकतो व डोंगर आडवा आला की तेथे अडतो. वारा डोंगरावर चढला म्हणजे हवा थंड होते, वाफेचे पाणी होते व पाऊस पडतो. म्हणून डोंगरास ‘धडक’ देणारा ढग हा पाण्याचा ढग असतो. कवीने एकही शास्त्रीय शब्द न उच्चारिता रंग, ठेवण व चाल ही तिन्ही एका जनावरात दाखविली.

हत्तीच्या भाराविषयीही कवीने काही अतिशयोक्ती केली असे आम्हास वाटत नाही. एक एकर रानावर एक इंच पाऊस पडला, तर त्या पाण्याचे वजन सुमारे १०० टन भरते. थोर हत्तीचे वजन ४ टन धरिले, तर एका एकरावर एका इंचाच्या पावसात पंचवीस हत्ती उतरले असे होते. बांध फुटतात व ताली वाहून जातात त्याचे कारण ह्या हिशेबात आहे. पाणी अडविण्याची सोय ज्याने आधी केली नाही, त्याने हत्ती दारात बोलावून गोठा मात्र शेळीचा बांधिला असे म्हणावे लागेल.

त्याच मेघदूतात शेतकऱ्यास विशेष प्रिय व्हावे असे एक स्थळ आहे. माळ प्रदेशावरून ढग जाऊ लागतो तेव्हा तेथील रान नुकतेच नांगरलेले असते व त्याचा सुगंध दरवळत असतो. शेतीचे फळ ह्या ढगावर अवलंबून आहे हे जाणून तेथील साध्याभोळ्या स्त्रिया प्रेमाने ओलावलेल्या डोळ्यांनी त्याजकडे पाहतात. नागरी स्त्रियांचे नेत्रविलास त्यांस ठाऊक नसतात. दरबारी म्हणून गणलेल्या कवीने ही नजर टिपिली, हे विसरता येत नाही.

शूद्रकाच्या मृच्छकटिकाची कथा गो. ब. देवलांच्या नाटकामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. मूळ संस्कृत नाटकाच्या पाचव्या अंकात वसंतसेना भर पावसात चारुदत्ताच्या घरी निघते. त्या अंकात ढगाचा काळेपणा पाण्याने भिजलेल्या म्हशीच्या पोटासारखा म्हटला आहे. येथे कवीने राजवाड्यातील हत्ती सोडून गोठ्यातील जनावर घेतले. डोहातून वर आलेल्या म्हशीच्या अंगावरचा ओला, निळसर काळा तजेला आपण नित्य पाहतो; पावसाने भरलेल्या ढगाची तीच कांती असते. कोरड्या म्हशीचा भुरा रंग त्यास शोभला नसता. ‘भिजलेली’ हा एक शब्द घालून कवीने आपले निरीक्षण सिद्ध केले.

हस्ताचा हत्ती

आता एका हत्तीची कुळकथा सांगतो. तो डोळ्यांनी पाहिलेला नसून शब्दातून आलेला आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्री जातो. हस्त म्हणजे हात. त्या नक्षत्रातील पाच तारे हाताच्या पंजासारखे मांडले आहेत अशी कल्पना आहे. हत्तीची सोंड हाही एक हातच, म्हणून संस्कृतात हत्तीस हस्ती म्हणतात. ह्या शब्दसाम्यामुळे हस्ताचा पाऊस तो लोकांच्या तोंडी ‘हत्तीचा पाऊस’ झाला. भोंडला किंवा हादगा ह्या दिवसांत येतो. मुली मधोमध पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती फेर धरितात, तो हत्ती हाच.

योगायोग असा की हा हत्ती शोभतो. परतीच्या मोसमात दुपारनंतर ढग उंच चढतात, गडगडाट फार होतो व थोड्या वेळात मोठी सर कोसळते. सोलापूर, अहिल्यानगर वगैरे भागांतील खोल काळ्या जमिनीत ही ओल साठली तर रब्बीची ज्वारी साधते. तेव्हा ह्या हत्तीचा जन्म जरी शब्दात झाला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्याचे पालन केले आहे. मुलींच्या खेळातील ही पूजा कोणास पेरणीचा दिवस सांगत नाही. ती केवळ आलेल्या पावसाचा गौरव करिते. म्हणून तिच्याशी आमचा काहीच वाद नाही.

मोजून आलेली जनावरे

उपमेचा नियम होऊ लागला म्हणजे वादास आरंभ होतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ह्या दोन्ही रीती जवळजवळ नांदताना दिसतात. तत्काळ पाऊस येण्याची चिन्हे सांगताना तो मुंग्यांनी अंडी हलविणे, सापांनी झाडावर चढणे, सरड्यांनी झाडाच्या शेंड्यावरून आकाशाकडे पाहणे अशा गोष्टी देतो. त्या खऱ्या की खोट्या हे कोणासही पाहून ताडता येते. परंतु त्याच ग्रंथात मेघास गर्भ राहतो व १९५ दिवसांनी तो प्रसवतो, असाही नियम आहे. वेदातील वृषभाची कल्पना पुढे चालवून तिला दिवसांचा आकडा जोडिला, म्हणजे काय होते त्याचा हा मासला आहे. गाईची भरती नऊ महिन्यांच्या जवळपास असते हे आपण पुनःपुन्हा अनुभवून ठरविले. मेघाची भरती तशी कोणी पडताळून ठरविली नाही.

पंचांगातील वाहन तर निव्वळ भागाकार आहे. सूर्य नव्या नक्षत्रात प्रवेश करितो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्री आहे ते पाहतात. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येस ९ ने भागितात, व उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवितात : १ घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, आणि बाकी शून्य राहिल्यास हत्ती. बेडूक, म्हैस व हत्ती असता भरपूर पाऊस. मोर, उंदीर व गाढव असता मध्यम. कोल्हा व मेंढा असता ओढ. आणि घोडा असता डोंगरावर पाऊस, असे फल सांगतात.

ह्या गणितात वारा नाही, समुद्र नाही, ढग नाही. केवळ दोन ज्योतींमधील अंतर आहे, व ते अंतर शेकडो वर्षे आधी काढिता येते. सूर्यास एक नक्षत्र ओलांडण्यास ह्या दिवसांत सुमारे १४ दिवस लागतात. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या पुढे बहुधा १३ नक्षत्रे जातो, क्वचित एखादे कमी किंवा अधिक. तेरांतून नऊ वजा केले की चार राहतात. म्हणजे बाकी दर वेळी बहुधा चारांनी वाढते : मृगास हत्ती असेल तर आर्द्रेस मेंढा, पुनर्वसूस गाढव व पुष्यास बेडूक येणे हा साधारण क्रम. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, आणि वाहनेही नऊ. तेव्हा हंगामभरात थोड्याफार फेरफाराने बहुतेक जनावरे एकेकदा हजेरी लावून जातात. सुकाळ असो वा दुष्काळ, हत्ती, म्हैस व बेडूक बहुधा येणारच. कोल्हा व मेंढाही येणारच. ज्या मापाने ओले साल व कोरडे साल वेगळे काढिता येत नाही, ते माप पेरणीच्या कामाचे नव्हे.

शिवाय वाहन साऱ्या मुलुखास एकच. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, सोलापुरास सुमारे ७००. दोन्ही ठिकाणी त्याच दिवशी तोच हत्ती किंवा तोच कोल्हा कसा उतरावा? घोड्याचे फल डोंगरावर पाऊस असे आहे. पण सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात पाऊस पडणार हे सांगण्यास घोड्याची जरूर नाही.

तथापि ही जनावरे निवडताना जुन्या लोकांची दृष्टी अगदीच सुटली नव्हती असे आम्हास वाटते. बेडूक, म्हैस व हत्ती ही तिन्ही पाण्यात रमणारी. त्यांस भरपूर पाऊस दिला. मेंढरू कोरड्या माळाचे. त्यास ओढ दिली. उन्हात चार थेंब पडले म्हणजे आपण ‘कोल्ह्याचे लग्न’ म्हणतो. त्या कोल्ह्यासही ओढच आली. जनावरांचा गुण पाहून ठरविला; ते जनावर कोणत्या नक्षत्री यावे हे मात्र भागाकाराने ठरविले. दोष आहे तो ह्या दुसऱ्या भागात.

पेरणी कशावरून ठरवावी

आता कोणी विचारील की वाहन सोडावे, तर धरावे काय? उत्तर पायाखाली आहे. खरिपाच्या कोरडवाहू पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला असावा व ओल पुरेशी खोल गेलेली असावी, असे कृषिखात्याचे सांगणे असते. मृग लागतो ७ किंवा ८ जूनला. मोसमी पावसाची मुंबईस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून धरितात, व ती सरासरी असल्यामुळे दर साली मागेपुढे होते. मृगाच्या पहिल्या सरीने वरची दोन बोटे भिजली म्हणजे पाभर जुंपू नये; कुदळीने खणून ओल पाहावी. गावात एक पर्जन्यमापक असावा व त्याची रोजची नोंद कोणी तरी ठेवावी. पावशा पक्षी ‘पेरते व्हा’ म्हणतो असे आपण मानतो. परंतु तो तर विणीच्या दिवसांत, पावसाच्या आधीपासूनच, ओरडत असतो. त्याचा शब्द ऐकून औजारे दुरुस्त करावी, बी मात्र ओल पाहूनच टाकावे.

हवामान खात्याचा अंदाजही जरूर पाहावा. हे खाते १८७५ साली स्थापन झाले, व १८८६ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचा नियमित अंदाज देण्यास आरंभ केला. तेव्हापासून अंदाज चुकलेही आहेत, आणि चुकले म्हणूनच त्यांची रीत वेळोवेळी बदलण्यात आली. वाहनाच्या फलाचा पडताळा घेऊन त्याचा भागाकार बदलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दोहोंत हाच मोठा फरक होय. आता जिल्ह्याजिल्ह्याचा कृषिसल्ला आठवड्यातून दोनदा मिळतो. येत्या चारपाच दिवसांपुरता तो पेरणी, फवारणी व कापणी ठरविण्यास उपयोगी पडतो.

कवींची जनावरे मात्र आम्ही सोडणार नाही, व वाचकांनीही सोडू नयेत. डोंगरास टेकलेला ढग, आधी येणारा वाऱ्याचा लोट, दुरून येणारी गुरगुर, भिजल्या म्हशीसारखा काळोख, ह्या गोष्टी पाहण्यास त्या उपमा आपणास शिकवितात. प्रत्येक तालुक्यात ढगांस व पावसास जनावरांवरून दिलेली नावे असतील. वडीलधाऱ्यांपाशी बसून ती टिपून घ्यावी, आणि प्रत्येक नावापुढे असा ढग दिसल्यावर किती वेळाने, किती मिलिमीटर पाऊस पडला ते दोनचार वर्षे लिहीत जावे. अशी वही ज्या गावात तयार होईल त्या गावास पुढील पिढीला देण्याजोगे काही तरी साधले असे आम्ही समजू.